चाळिशीनंतर पुन्हा मोटारसायकलवर बसताना शरीराची तयारी कशी करावी

घराचे हप्ते संपत आले आणि मुलांची शिक्षणे मार्गी लागली, की पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आसपास अनेकांच्या दारात पुन्हा एकदा मोटारसायकल येते. कॉलेजात किंवा नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ज्यांनी हिरो होंडा, येझदी किंवा बुलेट मनसोक्त चालवली आणि पुढची पंधरा-वीस वर्षे चारचाकीत काढली, त्यांना वाटते की गाडी एकदा आली म्हणजे आली, ती काही विसरत नाही. हातापायांच्या सवयीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. गाडी सावरायला लागणारी ताकद, सांध्यांची लवचीकता आणि नजर यांना मात्र ते लागू पडत नाही. त्यात गाड्याही जड झाल्या आहेत. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, तर क्लासिक ३५० किंवा हिमालयन ४५० पेट्रोलसह १९५ किलोच्या घरात जाते. म्हणजे जुन्या गाडीच्या वजनात एका प्रौढ माणसाची भर पडते, आणि ती सावरणारे पाय मात्र वीस वर्षांनी थकलेले असतात.

तयारी कशाची करायची हे आधी नीट समजून घ्यावे. गाडी पन्नास-साठच्या वेगात असते तेव्हा तिचा तोल बऱ्याच अंशी तीच धरते आणि चालवणाऱ्याला फारसे बळ लावावे लागत नाही. बळ लागते ते दोन वेळी: गाडी थांबलेली किंवा अगदी सावकाश चालत असताना, आणि दिवसाच्या अखेरीस, जेव्हा पाठ, मान व मनगटे दमलेली असतात आणि लक्ष विचलित होऊ लागते. मध्यमवयीन चालकाने सगळा व्यायाम या दोन प्रसंगांसाठी करायचा आहे. व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवण्याची त्याला गरज नाही, आणि तसे केल्याने गाडीवर फारसा उपयोगही होत नाही. मोठ्या प्रवासाचा बेत असेल तर किमान तीन महिने हाताशी ठेवावेत. पहिला महिना फक्त शरीरासाठी, दुसरा मोकळ्या मैदानातील सरावासाठी आणि तिसरा हळूहळू अंतर वाढवण्यासाठी, अशी ढोबळ विभागणी सोयीची पडते.

आधी डॉक्टर, चष्मा आणि परवाना

जिना चढताना छातीत दाटून येत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तदाब आणि साखरेची औषधे चालू असतील, तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे आणि त्यांना ‘मला मोटारसायकल चालवायची आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. हे सांगणे महत्त्वाचे आहे, कारण सर्दी आणि ॲलर्जीवरच्या अनेक साध्या गोळ्यांनी झापड येते, आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर जेवण लांबले तर अचानक उतरू शकते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर हात थरथरणे, घाम सुटणे, विचार धूसर होणे ही लक्षणे घरी खुर्चीत बसल्यावर सुसह्य असतात, घाटात नसतात. अशा व्यक्तीने निघण्यापूर्वी साखर तपासावी, उपाशीपोटी गाडीवर बसू नये आणि ग्लुकोजची पुडी बॅगेत न ठेवता जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवावी. ज्यांना मोठ्याने घोरण्याची सवय आहे आणि पुरेशी झोप होऊनही दुपारी पेंग येते, त्यांनी त्याचीही तपासणी करून घ्यावी; बसल्याजागी डोळा लागणाऱ्या माणसाने लांबच्या रस्त्यावर जाणे धोक्याचे आहे.

डोळ्यांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक होते हे सर्वांना ठाऊक असते, पण समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपल्यावर नजर पूर्ववत व्हायला तरुणपणापेक्षा अधिक वेळ लागतो, हे बहुतेकांच्या रात्री गाडी चालवेपर्यंत लक्षात येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, एवढा हिशेब ध्यानात ठेवला तर अंधारात वेग किती असावा हे वेगळे सांगावे लागणार नाही. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांना खाली पाहताना चाकाजवळची जमीन धूसर दिसते आणि पाय टेकवताना अंदाज चुकतो. म्हणून गाडीसाठी फक्त दूरच्या नंबरचा, सरळ काड्यांचा स्वतंत्र चष्मा करून घेणे हा खर्च सत्कारणी लागतो. सरळ काड्या हेल्मेटमध्ये सहज सरकतात आणि कानामागे रुतत नाहीत.

परवान्याची मुदत याच वेळी पाहून घ्यावी. पन्नाशीच्या सुमारास अनेकांच्या परवान्याची मुदत संपलेली असते. चाळिशी ओलांडलेल्यांना नूतनीकरणासाठी डॉक्टरांनी भरलेला नमुना १-अ जोडावा लागतो, आणि मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल तर वाहनचाचणी पुन्हा द्यावी लागते.

पाय, कंबर आणि पाठ

थांबलेली गाडी पेलण्याचे काम मांड्या आणि नितंब करतात. बैठका हा आपल्याकडचा जुना व्यायाम यासाठी उत्तम आहे, मात्र वीस वर्षांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी आखाड्यातल्यासारख्या पूर्ण बैठका मारू नयेत; गुडघे बोलू लागतात आणि आठवड्यात व्यायाम सुटतो. सुरुवात खुर्चीपासून करावी. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठावे आणि धपकन न बसता सावकाश खाली यावे. असे दहा वेळा, मधे विश्रांती घेत तीन फेऱ्या सहज होऊ लागल्या की खुर्ची काढून अर्ध्या बैठका सुरू कराव्यात. जिन्याच्या एका पायरीवर एकेका पायाने चढणे-उतरणे, दात घासताना टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे आणि एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळणे या गोष्टी दिवसाच्या कामात बसून जातात. एका पायावरचा तोल क्षुल्लक समजू नये, कारण सिग्नलला थांबलेल्या गाडीचा भार बहुधा एकाच पायावर असतो.

दुसरा भाग म्हणजे खुबा. मागे सामानाच्या बॅगा बांधलेल्या असताना सीटवरून पाय पलीकडे नेता न येणे ही या वयातली अगदी सर्रास आढळणारी अडचण आहे, आणि गाडी पडण्याच्या घटना अनेकदा अशाच वेळी घडतात. खुर्चीची पाठ धरून पाय बाजूला व मागे उचलणे, मलासनात बसण्याचा प्रयत्न करणे आणि भिंतीच्या आधाराने पाय पुढे-मागे झुलवणे यांनी महिनाभरात फरक जाणवतो. तोपर्यंत गाडीवर चढताना साइड स्टँड लावलेलाच ठेवावा, पुढचा ब्रेक दाबून धरावा, गाडी डाव्या बाजूने गाठावी आणि उजवा गुडघा आधी दुमडून मग पाय पलीकडे टाकावा. सरळ पाय फिरवण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे जाते.

पाठीसाठी पोटाचे आणि कमरेचे खोल स्नायू बळकट करायचे आहेत. सेतुबंधासन, मार्जारासन, भुजंगासन आणि कोपरांवर शरीर तोलून धरण्याचा प्लँक हे चार प्रकार पुरेसे आहेत. प्लँक वीस सेकंदांपासून सुरू करून हळूहळू एक मिनिटापर्यंत न्यावा. हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय जमिनीला समांतर ताणून धरणे हा व्यायाम मला यांत सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर कंबर नेमके हेच काम करत असते: शरीराचे एक अंग हलत असताना दुसरे स्थिर ठेवणे. झोपून झटक्याने उठण्याचे पोटाचे व्यायाम ज्यांची कंबर आधीच धरते त्यांनी टाळलेले बरे.

याला दमसासाची जोड हवी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे, म्हणजे बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये इतक्या गतीने चालणे, यात ते बसते. सूर्यनमस्काराची सवय असलेल्यांनी ते जरूर घालावेत. सवय नसलेल्यांनी रोज तीन-चारपासून सुरुवात करून दर आठवड्याला एक-दोन वाढवावेत.

मान, खांदे आणि मनगट

पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट सुमारे दीड किलोचे असते, आणि वाऱ्याचा दाब त्यात भर घालतो. तळहात कपाळावर, मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही बाजूंना ठेवून मान न हलवता पाच ते दहा सेकंद दाब देणे हा मानेचा सर्वांत सुरक्षित व्यायाम आहे. मान जोरात गोल फिरवू नये. खुर्चीत ताठ बसून, कंबर न वळवता, डाव्या व उजव्या खांद्यावरून मागची भिंत कितपत दिसते तेही पाहावे. मान वळत नसेल तर लेन बदलताना आरशात न दिसणारे वाहन आपल्यालाही दिसणार नाही, म्हणून हा ताण रोज सकाळी घ्यावा. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. हात डोक्यावर नेताना वेदना होत असतील तर स्वतः ओढाताण न करता फिजिओथेरपिस्टकडे जावे.

हाताच्या पकडीसाठी पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या मारणे आणि ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळणे याहून साधे आणि प्रभावी साधन नाही. बादल्यांच्या व्यायामात खांदे खाली व पाठ ताठ राहिली, तर त्यात पकडीबरोबर पाठीचाही व्यायाम होतो. बोटांना मुंग्या येण्याचा त्रास गाडीवरून उतरल्यावर काही मिनिटांत जात असेल तर तो बहुधा हँडल घट्ट आवळल्यामुळे होतो. रात्री झोपेतही मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दबत असण्याची शक्यता असते आणि ती दाखवून घ्यावी.

गाडी अंगाला जुळवून घ्यावी

व्यायामाने जे महिन्याभरात साधते त्यातले काही मेकॅनिककडे अर्ध्या तासात साधते. गंजलेली क्लच केबल बदलल्यास क्लच किती हलका होतो याचा अनुभव घेण्यासारखा आहे. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या अशा कोनात बसवून घ्याव्यात की बोटे त्यांवर ठेवल्यावर मनगट कोपरापासून सरळ रेषेत राहील, वर मुडपणार नाही. बसल्यावर निदान दोन्ही पायांचे चवडे भक्कमपणे जमिनीला टेकले पाहिजेत. न टेकल्यास सीटचा फोम कमी करून घ्यावा किंवा कमी उंचीची गाडी निवडावी. गाडी घेताना मन ज्या गाडीवर बसले आहे तिच्यावर शोरूममध्ये बसून, ती साइड स्टँडवरून स्वतः सरळ करून आणि मागे ढकलून पाहावी, आणि जे जमत नसेल ते नाकारण्याचा मोठेपणा दाखवावा. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे. माळ्यावरचे जुने हेल्मेट कितीही चांगले दिसत असले तरी वापरू नये, कारण आतला थर काळानुसार निकामी होतो. जुन्या गाडीच्या टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांहून जुना टायर बदलून घ्यावा.

मैदानातला सराव

हा भाग घाईने उरकू नये. ज्यांनी जुन्या बुलेटवर हात बसवला त्यांचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होते. हिरो होंडावर शिकलेल्यांना चारही गिअर खाली दाबायची सवय असते, तर आजच्या बहुतेक गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात. शांत रस्त्यावर यात गोंधळ होत नाही. कुत्रे आडवे आले की मात्र पाय वीस वर्षांपूर्वीच्या ब्रेककडे जातो. ही जुनी सवय मोडायला नवी सवय शेकडो वेळा गिरवावी लागते, आणि ती रहदारीत गिरवता येत नाही. शाळेचे किंवा सोसायटीचे मोकळे मैदान रविवारी सकाळी गाठावे.

पहिले दोन-तीन रविवार फक्त सावकाश चालवण्यात घालवावेत. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडून, मागचा ब्रेक अलगद दाबत, चालत्या माणसाच्या वेगाने सरळ रेषेत जावे. मग दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे वळावे. वळताना नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे, म्हणजे जवळजवळ खांद्यावरून ठेवावी. थांबण्यापूर्वी हँडल सरळ करावे आणि वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबू नये. सावकाश वेगात गाडी आडवी होण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि वळणावर पेट्रोलपंपाकडे वळताना किंवा ढाब्याच्या खडीवर गाडी लावताना ते हमखास घडते.

त्यानंतर ब्रेक. ताशी तीसच्या वेगातून दोन्ही ब्रेक एकत्र वापरून थांबावे. पुढचा ब्रेक झटक्याने न आवळता, लिंबू पिळावे तसा वाढत्या दाबाने पिळावा. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते, तरी जुन्या पिढीतले अनेकजण उलटून पडण्याच्या भीतीने केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाले आहे. ते कार्यान्वित होते तेव्हा दांडी हाताखाली थरथरते. त्या थरथरीने दचकून ब्रेक सोडायचा नसतो, हे मैदानातच एकदा अनुभवून घ्यावे.

चढावर थांबणे आणि निघणे हा स्वतंत्र धडा आहे. चढावर उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून डावा पाय जमिनीवर टेकवावा, म्हणजे उजवा हात ॲक्सिलरेटरसाठी मोकळा राहतो. रस्त्याचा उतार ज्या बाजूला असेल त्या बाजूला पाय टेकवण्याचा मोह टाळावा, कारण तिकडे जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली असते आणि तेवढ्या फरकात १९५ किलोचा तोल जातो. गाडी ठराविक कोनापलीकडे कललीच तर ती धरून ठेवण्याचा हट्ट धरू नये. सोडून बाजूला व्हावे. गाडीचा आरसा बदलता येतो, पाठीचा मणका येत नाही.

पडलेली गाडी उचलण्याची पद्धत ताकदीपेक्षा तंत्राची आहे. इंजिन बंद करावे आणि गाडी गिअरमध्ये असू द्यावी म्हणजे ती घरंगळणार नाही. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा, अन्यथा उभी करताना ती पलीकडे पडते. मग गाडीकडे पाठ करून नितंब सीटच्या कडेला टेकवावेत, हँडल पूर्ण वळवून त्याचे जमिनीकडचे टोक एका हाताने आणि मागची पकडदांडी दुसऱ्या हाताने धरावी, पाठ सरळ ठेवावी आणि मागे मागे लहान पावले टाकत पायांच्या जोरावर गाडी वर ढकलावी. समोर वाकून हातांनी उचलायला गेल्यास कंबरेत चमक भरते. जुनी गादी अंथरून, मदतीला एक जण घेऊन, हे घराजवळ एकदा करून पाहावे.

अंतर वाढवताना

पहिला प्रवास घरापासून तासाभराच्या आतला असावा. पुण्याहून सासवड, कोल्हापुराहून पन्हाळा, नाशिकहून त्र्यंबकेश्वर ही अंतरे त्यासाठी योग्य आहेत. पुढे जेजुरी किंवा नागपूरकरांना रामटेक, आणि त्यानंतर पुण्याहून वाईपर्यंत जाऊन परत येण्याइतका पल्ला घ्यावा. ताम्हिणी, वरंधा किंवा आंबा घाट तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, शक्यतो कोरड्या दिवसांत करावा. पावसाळ्यातील घाट देखणे असतात यात शंका नाही, परंतु शेवाळलेला रस्ता, धुके आणि रविवारची गर्दी यांना पहिल्याच वर्षी सामोरे जाण्याचे कारण नाही. लडाखचा बेत तर या वर्षी आखूच नये. तिथे लेहच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, आणि विरळ हवेची परीक्षा थकलेल्या पाठीच्या परीक्षेबरोबर देणे शहाणपणाचे नाही.

पहिल्या वर्षी एका दिवसात अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. पहाटे निघावे, दर तासाने थांबावे, आणि थांबल्यावर गाडीवर बसूनच फोन न पाहता उतरून दहा मिनिटे चालावे, कंबर मागे वाकवावी, मनगटे सोडवावीत. तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे. उन्हाळ्यात ताक किंवा मीठ-साखरेचे पाणीही घ्यावे, मात्र रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. दुपारी भरपेट जेवून लगेच निघणे हे झोपेला आमंत्रण आहे. अर्धपोटी जेवावे आणि बरोबर केळी व शेंगदाण्याची चिक्की ठेवावी. मुक्कामाला चारच्या सुमारास पोहोचेल असा हिशेब करावा, कारण थकवा आणि मावळतीचे ऊन एकाच वेळी डोळ्यांवर येतात. तरुण मंडळींच्या गटाबरोबर जात असल्यास आपली गती व थांबे निघण्यापूर्वीच सांगून टाकावेत. मागे पडण्याच्या संकोचातून वेग वाढवणे हे या वयातल्या अपघातांना निमित्त ठरते.

प्रत्येक लांबच्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी शरीर कुठे दुखते ते लक्षपूर्वक पाहावे, कारण पुढच्या आठवड्याचा व्यायाम त्यावरून ठरतो. माकडहाड दुखत असेल तर सीटच्या एकाच जागी बसून राहणे झाले आहे. अधूनमधून फूटरेस्टवर उभे राहावे आणि मांड्यांचे व्यायाम वाढवावेत. मानेच्या मुळाशी दुखणे म्हणजे खांदे कानांकडे चढवून चालवणे, आणि मनगट दुखणे म्हणजे पोट-कंबरेऐवजी हातांवर भार टाकणे. तेव्हा प्लँकचा वेळ वाढवून दांड्यांचा कोन पुन्हा तपासावा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर फूटरेस्ट आणि सीट यांच्यातील अंतर कमी पडते आहे आणि थोडी उंच सीट बसवण्याचा विचार करावा. दोन-तीन दिवसांत न ओसरणारी, पायात उतरणारी किंवा बधिरपणा आणणारी वेदना मात्र व्यायामाने घालवण्याचा प्रयत्न करू नये. ती अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावी आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत गाडी आच्छादन घालून ठेवावी.